संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

२०२५ च्या जुलै महिन्यात मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलकंपनीच्या कर्मचाऱ्यांना आपल्याच कचेरीची ई-मेल उघडता येईनाशी झाली. यंत्रे बिघडली नव्हती. सेवेचे पैसे थकले नव्हते, ते आगाऊ भरले असल्याचेच कंपनीचे म्हणणे होते. आणि भारतातील कोणत्याही न्यायालयाने तिच्याविरुद्ध हुकूम काढलेला नव्हता. घडले होते ते एवढेच, की या कंपनीच्या भांडवलात रशियाच्या रोझनेफ्टचा ४९ टक्क्यांहून किंचित अधिक वाटा असल्याने युरोपीय संघाने १८ जुलै रोजी तिच्यावर निर्बंध जाहीर केले, आणि त्यानंतर चारच दिवसांनी मायक्रोसॉफ्टने तिला पुरविलेल्या सेवा थांबविल्या. देशाच्या एकूण तेलशुद्धीकरण-क्षमतेपैकी सुमारे आठ टक्के क्षमता ज्या एका कारखान्यात आहे, त्या गुजरातमधील वाडीनारच्या कारखान्याची ही मालक कंपनी. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. वर्तमानपत्रांतून चार दिवस चर्चा झाली व विषय मागे पडला.

युरोपीय संघाचे निर्बंध न्याय्य होते की अन्याय्य, हा प्रश्न येथे बाजूला ठेवता येईल. रशियाने युक्रेनवर लादलेल्या युद्धाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. भारतीय कायद्याने ज्या व्यवहारास मनाई केलेली नव्हती, तो व्यवहार भारतातील कचेरीत दुसऱ्या खंडातील निर्णयाने बंद पडू शकला. कारण कचेरी आपली असली तरी तिच्या कुलपाची किल्ली आपली नव्हती. आता, बंद झाली ती ई-मेलसारखी सेवा, संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरही आहे. परंतु ऑपरेटिंग सिस्टिम, जिला मराठीत कार्यप्रणाली म्हणतात, ती याच साखळीची पहिली कडी होय. यंत्र सुरू होताच जी जागी होते, जिच्या संमतीवाचून कळफलकावरचे अक्षर पडद्यावर उमटत नाही, कोणती फाइल कोणी उघडावी हे जी ठरविते आणि मालकाला न विचारता स्वतःत बदल करून घेते, ती ही आज्ञावली. हल्लीच्या कार्यप्रणाली तर वापरणाऱ्याला आरंभीच कंपनीच्या खात्यात नाव नोंदविण्याचा आग्रह धरतात. मग यंत्र आणि सेवा यांच्यामधली सीमारेषा पुसट होत जाते.

एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीची निवड कोणी व केव्हा केली, असे एखाद्या शाळेच्या किंवा तहसील कचेरीच्या कारकुनाला विचारले तर तो बुचकळ्यात पडेल. निवड झालेलीच नसते. संगणक खोक्यातून आला तेव्हाच विंडोज त्यात होती. किंवा ती नव्हती, आणि मग दुरुस्ती करणाऱ्या मुलाने शंभर-दोनशे रुपयांत ती घालून दिली. या दुसऱ्या प्रकाराविषयी आपल्याकडे फारसे कोणी उघड बोलत नाही. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची कीर्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचे नवल वाटणार नाही. चोरून घेतलेली प्रत ही बड्या परदेशी कंपनीवर उगवलेला सूड आहे, अशी एक समजूत मध्यमवर्गात रूढ होती. ती भाबडी होती. बिल गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून लिहिलेल्या अनावृत पत्रात अशा नकलांना चोरीच ठरविले होते. त्याच गेट्स यांनी १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात चीनमधील नकलांचा विषय निघाला तेव्हा, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचाच माल चोरावा, सवय लागली की पुढे वसुलीचा मार्ग सापडेल, अशा आशयाचे उद्गार काढले. व्यापाऱ्याचे गणित त्यात स्वच्छ मांडलेले आहे. चोरीच्या प्रतीने मक्तेदारीचा पाया खचत नाही, उलट तो बिनखर्चात रुंद होतो. एक पिढी त्याच बटणांना सरावते आणि मग दुसरी बटणे तिला परकी वाटू लागतात.

परावलंबनाचा प्रश्न भारताला नवा नाही, हे येथे आठविले पाहिजे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले भागभांडवल चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणावे असा आग्रह धरला गेला, तेव्हा आय.बी.एम.ने तो मानला नाही. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ साली, ही कंपनी देशातून निघून गेली. तिने मागे ठेवलेली यंत्रे चालू ठेवण्याचे काम सी.एम.सी. या सरकारी कंपनीच्या अभियंत्यांनी केले. पुढे अमेरिकेने क्रे जातीचा महासंगणक हवा तसा देण्यास नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. या दोन घटनांचा अभिमान आपण भाषणांतून पुष्कळ मिरवतो. त्यांतला बोध मात्र यंत्रापुरताच मर्यादित ठेवला. यंत्र कोणाचे, हे विचारले गेले. यंत्राच्या आत बोलणारी आज्ञावली कोणाची, हे सहसा विचारले गेले नाही.

तो प्रश्न मुळाशी जाऊन विचारला तो अमेरिकेतल्याच एका माणसाने. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्यापुढे अडचण आली होती ती अगदी क्षुल्लक. प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने दिलेले छपाईयंत्र वारंवार अडे, आणि ते अडल्याची सूचना दूर बसलेल्या माणसाला मिळावी यासाठी त्याच्या आज्ञावलीत थोडी दुरुस्ती करावयाची होती. सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, ज्याच्याजवळ होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने गुप्ततेचा करार पुढे करून ती देण्याचे नाकारले. स्टॉलमन यांना त्यात सौजन्याचा अभाव दिसला नाही, समाजाचा घात दिसला. शेजाऱ्याला मदत करणार नाही असे लिहून दिल्यावाचून ज्ञान मिळत नसेल तर ती व्यवस्थाच अनैतिक, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली. आज्ञावली वाटेल त्या कामासाठी चालवावी, तिची संहिता वाचून ती बदलावी, तिच्या प्रती वाटाव्यात, आणि सुधारलेली प्रतही वाटावी, अशी त्यांची मागणी. १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिहिलेला लिनक्स हा गाभा पुढच्या वर्षी याच परवान्याखाली आला आणि घर पुरे झाले. स्टॉलमन यांचा स्वभाव हटवादी आहे, त्यांची काही मते अनेकांना मान्य होण्यासारखी नाहीत. तथापि किंमत आणि स्वातंत्र्य या दोन वस्तू भिन्न आहेत हे त्यांनी जितक्या निक्षून सांगितले तितके दुसऱ्या कोणी सांगितले नाही. मोफत मिळालेली कार्यप्रणालीही बेडीच असू शकते. आणि मुक्त प्रणालीसाठी पैसे मोजण्यात काही गैर नाही.

भारतात हा विचार शाळेच्या वर्गापर्यंत नेण्याचे श्रेय केरळला दिले पाहिजे. तेथे आय.टी.@स्कूल हा उपक्रम २००१ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षीच्या जुलैत स्टॉलमन यांच्या उपस्थितीत मुक्त सॉफ्टवेअर चळवळीची भारतीय शाखा तिरुवनंतपुरम येथे स्थापन झाली. आरंभीचे शालेय पाठ्यपुस्तक मात्र विंडोजभोवतीच रचलेले होते. त्यावर आक्षेप घेतला तो शिक्षकांच्या संघटनेने. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या वर्गात एका कंपनीच्या मालाची ओळख म्हणजेच संगणकशिक्षण असे समीकरण का मांडावे, हा त्यांचा सवाल होता. त्याचे उत्तर सरकारला सापडले नाही, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत केरळच्या सरकारी शाळा लिनक्सवर आल्या. विशेष हे, की या काळात तिरुवनंतपुरममध्ये काँग्रेसप्रणीत आणि डाव्या आघाड्यांची सरकारे आलटून पालटून आली, पण धोरण उलटले नाही. कारण ते मंत्र्यांच्या मर्जीवर उभे नव्हते. शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार झाले, शाळांसाठी वेगळी बांधलेली प्रणाली मल्याळममध्ये मिळू लागली, बिघाड झाला तर निस्तरणारा माणूस शेजारच्या शाळेतला होता. परवान्यांचा खर्च वाचला हे खरे. परंतु विद्यार्थ्याने शाळेतली आज्ञावली घरी नेली तर ती चोरी ठरत नाही, हा लाभ रुपयांत मोजता येण्याजोगा नव्हे. ज्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवितात तेथे तर नव्हेच.

महाराष्ट्राने दुसरा मार्ग धरला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम खेड्यापाड्यांत पोहोचविला. शासकीय नोकरीसाठी तो ग्राह्य धरला गेल्याने लक्षावधी शिक्षक, कारकून आणि विद्यार्थ्यांचा संगणकाशी पहिला परिचय त्यानेच करून दिला. हे काम लहान नव्हे आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण त्या परिचयात संगणक म्हणजे विंडोज आणि लिहिणे म्हणजे वर्ड असेच ठसले. त्या नावातील ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र राज्य. एखाद्या विद्यार्थ्याने त्याचा दुसराच अर्थ लावला असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

कुलूप परदेशीच असते असेही नाही, हे मराठी लिहिणाऱ्यांना अनुभवाने कळले आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्या कचेऱ्यांतून आणि छापखान्यांतून श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आय.एस.एम. अशा निरनिराळ्या व्यवस्था चालत. प्रत्येकीची अक्षरांची अंतर्गत मांडणी वेगळी. एकीत टंकलेला मजकूर तोच फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की ‘महाराष्ट्र’च्या जागी रोमन अक्षरे आणि प्रश्नचिन्हे यांचा कचरा दिसे. परिपत्रके, निवृत्तिवेतनाच्या याद्या, पुस्तकांच्या छापील प्रतींमागच्या संगणकीय प्रती, असा केवढा तरी मजकूर या मांडण्यांत अडकून पडला आणि रूपांतरक वापरून, चुका दुरुस्त करीत, तो सोडवून घ्यावा लागला. या व्यवस्था पुण्यात आणि बंगलोरमध्ये, आपल्याच माणसांनी आपल्याच लिपीसाठी कळकळीने तयार केल्या होत्या. त्यांनी मराठी छपाईचे मोठे हित केले यात संशय नाही. पण स्वदेशी म्हणजे खुली, असे समीकरण त्यांनी खोटे ठरविले. लिपीची सुटका झाली ती सर्वांना वाचता येईल अशा प्रमाणामुळे. त्याच प्रमाणावर पुण्यातील तंत्रज्ञांच्या सहभागाने घडलेला ‘लोहित’ हा मुक्त देवनागरी फॉन्ट आला, जो कोणीही वापरावा, वाटावा, बदलावा.

येथवर वाचून लिनक्स स्वीकारणे हेच पुण्य, असे कोणाला वाटू लागले असेल तर थोडे थांबले पाहिजे. मुक्त प्रणालीलाही राजकारण चुकलेले नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात लिनक्सच्या गाभ्याची देखरेख करणाऱ्यांच्या यादीतून डझनभर नावे, बहुतेक रशियन, निर्बंधविषयक कायद्यांचे कारण देऊन काढून टाकण्यात आली. टोरवाल्ड्स यांनी त्या निर्णयाचे ठामपणे समर्थन केले. वर्षानुवर्षे विनामोबदला काम केलेल्या व्यक्तींना त्यांच्या देशामुळे दार दाखविणे शोभादायक नव्हते. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की नावे गेली तरी संहिता गेली नाही. ज्यांना वगळले त्यांचे संगणक दुसऱ्या दिवशी बंद पडले नाहीत. नायराच्या आणि या प्रकरणातील अंतर तेवढेच आहे. दुसरे उदाहरण याहून अस्वस्थ करणारे. उत्तर कोरियाची ‘रेड स्टार’ ही कार्यप्रणाली लिनक्सवरच उभारलेली आहे, आणि ती फाइलींवर गुप्त खूण उमटविते, जेणेकरून एखादे चित्र वा चित्रफीत कोणाकोणाच्या हातून फिरली हे शोधता यावे, असे जर्मन संशोधकांनी २०१५ च्या अखेरीस दाखवून दिले. वाटेल त्या कामासाठी वापरण्याचे स्वातंत्र्य हुकूमशहालाही मिळते. परवाना नागरिकाचे रक्षण करील ही अपेक्षाच चुकीची आहे. ते काम कायद्याचे आणि जागृत लोकमताचे.

श्रमाचाही प्रश्न आहे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या एका लहानशा आज्ञावलीत चोरदरवाजा बसविलेला सापडला. जगभरच्या लिनक्स यंत्रांत ती आज्ञावली असते. सांभाळणारा मात्र एकटा, थकलेला स्वयंसेवक होता आणि मदतीच्या मिषाने कोणीतरी दोन-अडीच वर्षे त्याचा विश्वास संपादन करीत राहिले होते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला यंत्र अर्धा सेकंद हळू का चालते याची शंका आली म्हणून अनर्थ टळला. (हे गृहस्थ नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होते, ही या कथेतील गंमत.) संहिता उघडी होती म्हणून दोष सापडला, हे जितके खरे, तितकेच हेही, की मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारे ज्यावर विसंबतात त्या कामाचा मोबदला देण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. ‘फुकट मिळते’ एवढ्याच कारणाने सरकारी खाते लिनक्सकडे वळत असेल तर त्याने नैतिक बाजू घेतली असे म्हणता येणार नाही.

आणि माणसांच्या गरजा सिद्धांतांपेक्षा हट्टी असतात. अंध व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही आज्ञावली मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी पुढे आणली. २००६ मध्ये सुरू झालेली ही आज्ञावली मुक्त आहे, विनामूल्य आहे. पण ती चालते विंडोजवर. लिनक्सवर ऑर्का नावाची दुसरी सोय आहे खरी. तरीही ज्या अंध शिक्षकाचे हात एनव्हीडीएवर बसले आहेत त्याला, तत्त्वासाठी ते सोडा, असे डोळस माणसाने सांगणे हा उद्धटपणा होय. तीच गोष्ट दुसऱ्याच्या कचेरीत नोकरी करून पोट भरणाऱ्या टंकलेखिकेची, किंवा ज्याच्या परीक्षेचे संकेतस्थळ एकाच प्रणालीवर नीट चालते त्या विद्यार्थ्याची.

तेव्हा निवडीची नैतिक जबाबदारी सर्वांवर सारखी नाही. जो स्वतःपुरते निवडतो त्याने आपली सोय, आपली ऐपत आणि आपला विवेक यांचा मेळ घालावा; त्याला कोणी जाब विचारू नये. परंतु जो इतरांसाठी, त्यांच्या पैशाने आणि त्यांना न विचारता निवडतो, म्हणजे मुख्याध्यापक, कुलसचिव, खरेदी समिती, मंत्रालयातील सचिव, त्याचे उत्तरदायित्व जितकी माणसे त्या निर्णयाखाली येतात तितक्या पटीने वाढते. सोय हे कारण त्याला पुरत नाही.

म्युनिकची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील नगरपालिकेने २००३ मध्ये आपले संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरविले. त्यापूर्वी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौर क्रिस्तियान ऊडे यांची मनधरणी करण्यास येऊन गेले होते. किमतीत सवलतही देऊ केली गेली. नगरसभा बधली नाही, आणि २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले गेले. पुढच्या वर्षी महापौर बदलले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे जर्मनीतील मुख्यालय म्युनिक शहरात आले आणि २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. या दोन घटनांचा परस्परसंबंध संबंधितांनी नाकारला. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, आणि त्या सगळ्या बनावट होत्या असेही नव्हे. २०२० मध्ये आलेल्या नव्या आघाडीने पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे जाहीर केले. या हेलकाव्यांत पैसा गेला, कर्मचारी वैतागले. तरी एक गोष्ट निर्विवाद राहिली. कार्यप्रणाली हा तेथे सभागृहात, नावानिशी मते नोंदवून, वर्तमानपत्रांच्या डोळ्यांदेखत ठरविण्याचा विषय झाला. जर्मनीतीलच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपल्या तीस हजार कचेरी-संगणकांसाठी तीच वाट धरली, तेव्हा खर्चाइतकाच भर राज्याच्या सार्वभौमत्वावर दिला गेला.

आपल्याकडे कागदावर उणीव नाही. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय भाषांची प्रणाली तयार केली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्यात पुरवठादाराने असा पर्याय सुचविला नाही तर त्याचे कारण द्यावे, अशी तरतूद आहे. धोरण ज्या कचेऱ्यांसाठी होते त्यांतील बहुसंख्य टेबलांवर विंडोजच राहिली.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. विंडोज ११ ज्या अटी घालते त्यांत साधारणपणे २०१७ पूर्वीचे संगणक बसत नाहीत. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील घरगुती ग्राहकांना, तेथील ग्राहकसंघटनांनी आवाज उठविल्यावर, आणखी एक वर्षाची दुरुस्ती विनामूल्य मिळाली. अन्यत्र तीस डॉलर भरा, नाही तर आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या साठवणीत ठेवण्यास संमती द्या, असे पर्याय पुढे आले. शाळांच्या प्रयोगशाळांतील जुनी पण धडधाकट यंत्रे आता एक तर भंगारात जातील, किंवा दुरुस्तीवाचून धोक्यात चालतील, किंवा त्यांवर दुसरी कार्यप्रणाली चढेल. नव्या यंत्रांच्या मागणीची टिपणी लिपिक तयार करील, मुख्याध्यापकांची सही होईल, फाइल जिल्हा परिषदेत जाईल. तिसऱ्या पर्यायाचा विचार केला किंवा का केला नाही, याविषयी दोन ओळी त्या टिपणीत असतील की नाही, हे ती लिहिणाऱ्याच्या हातात आहे.